अक्षरामागे सात लारी

त्सित्सिनो बारीहून परतली ती अठरा वर्षांनी,
दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालून
गाठीला बांधलेले पैसे घेऊन.
कुताइसीच्या उताराच्या गल्लीत
एक भट्टी भाड्याने निघाली होती,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी, तोंड वर.
आत वाकून कणकेची होडी भिंतीला थापायची
आणि सुटून पडायच्या आत आकड्याने ओढून काढायची.
तिथे पावाला पुरी म्हणतात.
हसू नका. आपल्या पुरीला ते काय म्हणतील कोण जाणे.

पैसा त्सित्सिनोचा.
हात नाझिब्रोलाचे:
याच भट्टीवर बावीस वर्षं,
कोपरापर्यंत एक केस उरलेला नाही.

एकटीने की दोघींनी?
रात्री स्वयंपाकघरात, औषधांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर
ती हिशेब मांडायची.
एकटीने: पीठ, गॅस, भाडं, एक पगार. उरेल ते आपलं.
दोघींनी: पीठ, गॅस, भाडं. उरेल त्याचं अर्धं.
एकटीने: ताप आला की भट्टी थंड.
दोघींनी: तापात पडल्या पडल्या
तिकडे गल्ल्यात काय पडतंय याचा घोर.
पहिल्या रकान्यातली बेरीज चुकली होती.
ती तिने पुन्हा केली नाही.

भाऊ झाउरी म्हणाला, मला विचार.
त्याने आणि गोचाने मिळून गाड्या धुण्याचं दुकान काढलं होतं.
मोडलं तेव्हा पाण्याचा पाइपसुद्धा मधोमध कापून घेतला,
आणि दोघांच्याही नळापासून गाडीपर्यंत पुरेना.
आता मयताला गेले तरी वेगवेगळ्या दारांनी.
आपल्याकडे म्हणतात, भागीचं घोडं किवणानं मेलं.
तिच्याही भाषेत कुठेतरी
असंच एखादं घोडं मेलेलं असणार.

पाटी रंगवणारा बिचिको येऊन फळी मापून गेला.
अक्षरामागे सात लारी, म्हणाला. एक नाव की दोन?
तिथल्या लिपीत त्सित्सिनोची अक्षरं सहा,
नाझिब्रोलाची नऊ.
तिच्या मनात आलं, पैसे मी ओतायचे
आणि पाटीवर ऐसपैस बसायची ती.
मग लाज वाटली, पण फार नाही.
उद्या सांगते, म्हणाली.

पहाटेपर्यंत ठरलं होतं. अर्धं-अर्धं.
वाक्य तोंडात घोळवत गेली,
पहिल्यांदा इटलीला जाताना
बसमध्ये एक वाक्य घोळवलं होतं, तसं.
नाझिब्रोला पीठ चाळत होती. पूर्ण ऐकून घेतलं.
चाळणी दोनदा तळहातावर आपटली.
"नको," म्हणाली. "मला पगार दे.
शनिवारी, हातात, मोजून.
पाव कच्चा निघाला त्या रात्री
मला घरी जाऊन झोपता आलं पाहिजे.
मालक झोपत नाहीत. तीन बघितलेत मी."

महिनाभर तराजू धरून बसलेली बाई,
आणि दुसऱ्या पारड्यात कुणी बसायलाच तयार नाही.
समोरचीकडेही एक वही होती,
कागद नसलेली.

पहिल्या दिवशी त्सित्सिनो हट्टाने स्वतः वाकली.
अकरा पुऱ्या राखेत.
बाराव्या वेळी कमरेवरचा एप्रनचा बंद
मागून कुणीतरी मुठीत घट्ट धरला.
"अजून वाक. धरलंय."

तेवढ्यात बिचिको दारात, कानावर ब्रश.
काय ठरलं मग?
भट्टीच्या तोंडातून घुमून आवाज आला:
नुसतं 'पुरी' लिही.
त्यांची चार अक्षरं. अठ्ठावीस लारी.
फळी मात्र आधीच लांब कापून आणली होती,
ती तशीच टांगली.

दुपारी दोघी पायरीवर.
नाझिब्रोलाने राखेतली एक उचलली, फुंकली,
मांडीवर मोडली. सारखी मोडली नाही.
मोठा तुकडा कुणाकडे गेला
मला दिसलं नाही.
कचकच मात्र दोघींच्या दाताखाली.